तीन फरश्यांवरील लेख आणि संत फिलोमेनेची कथा

१. शोध

रोम नगराच्या उत्तरेस, सालारिया या प्राचीन मार्गालगत, प्रिस्किल्लेची म्हणून ओळखली जाणारी भूमिगत दफनभूमी आहे. मऊ खडकात खोदलेले अरुंद बोगदे, त्यांच्या दोन्ही भिंतींत एकावर एक कोरलेले आडवे कप्पे आणि प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी चुन्याने बसवलेल्या दगडी अथवा मातीच्या फरश्या, अशी रोममधील या दफनभूमींची सर्वसाधारण रचना असते. दिनांक २४ मे १८०२ रोजी प्रिस्किल्लेच्या दफनभूमीत चाललेल्या खोदकामात असा एक कप्पा दृष्टीस पडला व दुसऱ्या दिवशी तो उघडण्यात आला. आत सुमारे तेरा वर्षे वयाच्या एका मुलीच्या अस्थी होत्या. शिवाय एक फुटकी काचेची कुपी होती व तिला काही वाळलेला पदार्थ चिकटलेला होता. कप्प्याचे तोंड भाजक्या मातीच्या तीन फरश्यांनी बंद केलेले होते. या फरश्यांवर तांबड्या रंगाने अक्षरे रंगवलेली असून त्यांच्या सोबतीने नांगर, बाण, खजुरीची फांदी आणि पानासारखी एक आकृती काढलेली होती.

फरश्या ज्या क्रमाने बसवलेल्या होत्या त्या क्रमाने त्यांवरील अक्षरे अशी लागतात : पहिल्या फरशीवर ‘लुमेना’, दुसरीवर ‘पाक्स्ते’ आणि तिसरीवर ‘कुम्फि’. लॅटिन भाषेत या ओळीला कोणताही अर्थ नाही. परंतु पहिली फरशी उचलून शेवटी ठेवली की ‘पाक्स्ते कुम्फि लुमेना’ असा क्रम होतो आणि शब्द योग्य ठिकाणी तोडले असता ‘पाक्स तेकुम फिलुमेना’, म्हणजे ‘फिलुमेने, तुजला शांती असो’, असे सरळ वाक्य मिळते. प्राचीन लॅटिन लेखांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याचा नियम नव्हता. मोडी लिपीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली सलग अक्षरे लिहीत, त्यामुळे शब्द कोठे संपतो हे वाचकालाच ठरवावे लागे. तशीच ही स्थिती समजावी. लेखातील ‘शांती असो’ हे वचन प्रिस्किल्लेच्या दफनभूमीतील जुन्या थरांत वारंवार आढळते, त्यामुळे फरश्यांचा हा सुधारलेला पाठ सर्वमान्य झाला. त्याविषयी पुढेही कधी वाद झाला नाही.

वाद झाला तो या दोन शब्दांच्या आशीर्वचनावर आणि चार चिन्हांवर उभ्या राहिलेल्या चरित्राविषयी. अवघ्या एकतीस वर्षांत या लेखातून एक राजकन्या, तिची प्रतिज्ञा, सम्राटाची मागणी, छळ आणि शिरच्छेद एवढे सर्व निष्पन्न झाले. आणि शोधानंतर एकशे एकोणसाठ वर्षांनी ज्या धर्मसंस्थेने तिच्या उपासनेस मान्यता दिली होती तिनेच तिचा सण दिनदर्शिकेतून काढून टाकला. हे सर्व कसे घडले याचा उलगडा करण्यासाठी लेखाचे वाचन, अस्थींची ओळख, हौतात्म्याचा पुरावा आणि जीवनकथा हे चार प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढावे लागतात; कारण त्या प्रत्येकाचा आधार निराळा आहे आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

२. रक्तसाक्षी ओळखण्याची कसोटी

रोमच्या भूमिगत दफनभूमी मध्ययुगाच्या उत्तरार्धात जवळजवळ विस्मृतीत गेल्या होत्या. सन १५७८ मध्ये सालारिया मार्गावरच एका द्राक्षमळ्यात जमीन खचून असा एक बोगदा उघडा पडला आणि ‘भूमिगत रोम’ पुन्हा लोकांच्या दृष्टीस आले. अंतोनियो बोझियो (१५७५–१६२९) यांनी या बोगद्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याच सुमारास प्रॉटेस्टंट पंथीयांनी संतांच्या अवशेषांच्या पूजेवर प्रखर टीका चालवली होती. अशा वेळी आद्य ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांच्या हजारो कबरी आपल्या पायांखाली आहेत ही जाणीव रोमला मोठा आधार वाटली, यात नवल नाही. कबरी उघडून अस्थी बाहेर काढण्याचे व त्या युरोपभरच्या मंदिरांना देण्याचे काम सतराव्या शतकापासून पद्धतशीर सुरू झाले.

मात्र या दफनभूमींत पुरलेली बहुसंख्य माणसे साधे श्रद्धावंत होती. त्यांतील रक्तसाक्षी कोण हे ओळखायचे कसे? सन १६६८ मध्ये अवशेषांचा कारभार पाहणाऱ्या रोमच्या धर्मपरिषदेने यासाठी दोन खुणा निश्चित केल्या : कबरीवर कोरलेली खजुरीची फांदी आणि रक्ताने माखलेली कुपी. खजुरीची फांदी हे विजयाचे चिन्ह आणि हौतात्म्य हा ख्रिस्ती माणसाचा सर्वश्रेष्ठ विजय, असा त्यामागील विचार होता. कुपीविषयी अशी समजूत होती की रक्तसाक्ष्याचे रक्त त्याचे धर्मबांधव टिपून घेत व त्याच्या देहाजवळ ठेवत.

या कसोटीविषयी शंका लवकरच व्यक्त होऊ लागल्या. फ्रान्समधील बेनेडिक्टाइन विद्वान झां माबियों यांनी सन १६९८ मध्ये टोपणनावाने एक पत्र प्रसिद्ध केले आणि अज्ञात संतांच्या उपासनेतील निष्काळजीपणावर टीका केली. अस्थींना नाव नसेल तर त्यांना एखादे मंगल नाव बहाल करण्याची, अशा संतांचे जणू बारसे करण्याची प्रथा त्यांना विशेष आक्षेपार्ह वाटली. पुढे सन १८५५ मध्ये जेझुइट विद्वान व्हिक्टर द बक यांनी कुप्यांतील तांबूस थर रक्ताचा असल्याच्या समजुतीचाच प्रतिवाद केला. खजुरीची फांदी सामान्य ख्रिस्ती लोकांच्या, इतकेच काय ख्रिस्तीतरांच्या लेखांतही येते. आणि दफनाच्या वेळी सुगंधी द्रव्याच्या कुप्या ठेवण्याची चाल सर्वत्र होती. आज अभ्यासकांमध्ये या दोन्ही खुणा हौतात्म्याचा पुरावा म्हणून मान्य नाहीत.

सन १८०२ मध्ये मात्र ही कसोटी अधिकृत होती. उघडलेल्या कप्प्यावर खजुरीची फांदी होती, आत कुपी होती, आणि विशेष म्हणजे लेखात नावही होते. तत्कालीन नियमांप्रमाणे ही मुलगी ‘रक्तसाक्षी फिलुमेना’ ठरली. यात कोणी लबाडी केली असे म्हणण्यास जागा नाही. कसोटी चुकीची होती. तिचा वापर प्रामाणिकपणे केला गेला होता.

३. रोमहून मुन्यानोस

अस्थी तीन वर्षे रोममध्येच राहिल्या. सन १८०५ मध्ये नेपल्स राज्यातील नोला नगराजवळच्या मुन्यानो देल कार्दिनाले या गावचे धर्मोपदेशक फ्रान्चेस्को दे लुचिया रोमला आले. पोटेन्झा येथील नियोजित बिशप बार्तोलोमेओ दे चेझारे यांच्यासमवेत ते आले होते. आपल्या गावच्या देवालयासाठी एखाद्या रक्तसाक्ष्याचे, आणि तेही ज्याचे खरे नाव ज्ञात आहे अशाचे, अवशेष मिळावेत ही त्यांची इच्छा होती. नाव असलेले अवशेष दुर्मिळ असल्यामुळे एका खेड्यातील उपाध्यायाला ते मिळणे सोपे नव्हते; बिशपांच्या मध्यस्थीने ते साध्य झाले. अस्थी कागदाच्या लगद्यापासून केलेल्या मूर्तीत ठेवण्यात आल्या आणि दिनांक १० ऑगस्ट १८०५ रोजी त्या मुन्यानोच्या मंदिरात दाखल झाल्या. ही तारीख लक्षात ठेवली पाहिजे. पुढे तिचा पुन्हा संबंध येणार आहे. मूळच्या तीन फरश्या पोप बारावे लिओ यांनी सन १८२७ मध्ये याच मंदिराला दिल्या.

मुन्यानोस घडलेल्या नवलाच्या गोष्टींचा वृत्तान्त दे लुचिया यांनी लिहून प्रसिद्ध केला आणि फिलोमेनेचे नाव दूरवर पोहोचले. सन १८३५ मध्ये फ्रान्समधील लियों येथील पोलीन झारिको ही धर्मकार्यासाठी प्रसिद्ध असलेली स्त्री मरणासन्न अवस्थेत मुन्यानोस आली व तेथे ती बरी झाली. या घटनेचा फार मोठा परिणाम झाला. आर्स या खेड्याचे धर्मगुरू झां-मारी व्हियाने (१७८६–१८५९) हे फिलोमेनेचे निस्सीम भक्त होते. आपल्या हातून घडल्या असे लोक म्हणत त्या अद्भुत गोष्टींचे श्रेय ते तिला देत. सन १८३७ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी तिचा सण साजरा करण्यास अनुज्ञा दिली. सन १८४९ मध्ये पोप नववे पायस स्वतः मुन्यानोस जाऊन आले व १८५५ मध्ये त्यांनी तिच्या उपासनेचे स्वतंत्र विधी मान्य केले.

या उपासनेचे पडसाद भारतातही उमटले. म्हैसूर येथील भव्य मंदिराची कोनशिला चौथे कृष्णराज वडियार यांच्या हस्ते १९३३ साली बसवली गेली. ते मंदिर संत फिलोमेनेच्या नावाने ओळखले जाते. गोव्यातील आणि वसईकडील ख्रिस्ती कुटुंबांत फिलोमेना अथवा फिलोमिना हे मुलीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या ठेवले जात आले आहे. सालारिया मार्गावरील एका फरशीवरचे नाव अशा रीतीने कोकणपट्टीतील घरांत पोहोचले.

४. कथेचे घटक

नाव, वय आणि हौतात्म्य यांपलीकडे फिलोमेनेविषयी काहीच ठाऊक नव्हते. ही उणीव सन १८३३ मध्ये भरून निघाली. नेपल्समधील भगिनी मारिया लुइझा दि जेझू या व्रतस्थ स्त्रीने सांगितले की संत फिलोमेनेने आपले चरित्र आपणास दिव्य वाणीने कथन केले आहे. त्या कथनाचा सारांश असा : ग्रीसमधील एका छोट्या राज्याच्या राजाराणीला मूल नव्हते. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांना कन्या झाली. श्रद्धेच्या प्रकाशात जन्मली म्हणून तिचे नाव ‘लुमेना’ ठेवले, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी ‘फिलुमेना’, म्हणजे ‘प्रकाशाची कन्या’, असे म्हटले. पुढे राजा तिला घेऊन रोमला गेला. सम्राट डायोक्लेशियन तिच्यावर मोहित झाला; परंतु तिने कौमार्याची प्रतिज्ञा केलेली असल्यामुळे विवाहास नकार दिला. तेव्हा तिला बंदिवासात टाकले, फटके मारले, गळ्यात नांगर बांधून तिबेर नदीत बुडवले, बाणांनी विद्ध केले. प्रत्येक वेळी ती वाचली. अखेर तिचा शिरच्छेद झाला. तो दिवस दहा ऑगस्ट होता.

इतिहासाच्या दृष्टीने या कथेतील अडचणी उघड आहेत. डायोक्लेशियन सन २८४ ते ३०५ या काळात सत्तेवर होता. त्या काळी ग्रीस हा रोमन साम्राज्याचा भाग असून तेथे स्वतंत्र राजे उरले नव्हते. स्वतः डायोक्लेशियन रोममध्ये क्वचितच असे. त्याचा दरबार मुख्यतः निकोमीडिया येथे भरे. तथापि अशा विसंगती असंख्य संतकथांत सापडतात व त्यांवरून कथेची उत्पत्ती कळत नाही. फिलोमेनेच्या कथेत याहून अधिक बोलका असा आंतरिक पुरावा उपलब्ध आहे.

कथेतील छळाचे प्रकार फरश्यांवरील चिन्हांशी ताडून पाहावेत. फरशीवर नांगर आहे, कथेत नांगर बांधून बुडवणे आहे. फरशीवर बाण आहेत, कथेत बाणांचा वर्षाव आहे. खजुरीची फांदी हौतात्म्याच्या रूपाने कथेत उतरली आहे. पानासारखी आकृती काही जुन्या वर्णनकारांनी फूल म्हणून वाचली व ती कौमार्याची खूण मानली. कथेत कौमार्याची प्रतिज्ञा आहे. वस्तुतः नांगर हे आद्य ख्रिस्ती लेखांतील अत्यंत परिचित चिन्ह असून ते आशेचे प्रतीक आहे. हिब्रू लोकांस पाठविलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे आणि प्रिस्किल्लेच्या दफनभूमीत हे चिन्ह अनेक कबरींवर आढळते. त्या सर्व कबरींतील माणसांना नांगर बांधून बुडवले होते असे कोणी म्हणणार नाही. पानाची आकृती तर लॅटिन लेखांत विरामचिन्हासारखी वापरली जात असे. आशेचे प्रतीक आणि विरामचिन्ह ही दोन्ही येथे छळाचा व चारित्र्याचा वृत्तान्त म्हणून वाचली गेली.

तारखेचेही तेच. दहा ऑगस्ट हा मुन्यानोस अस्थी आल्याचा दिवस. कथेत तोच हौतात्म्याचा दिवस झाला आहे.

परंतु सर्वांत निर्णायक पुरावा ‘लुमेना’ या जन्मनावाचा आहे. हे नाव कोठून आले? पहिल्या फरशीवर, ती जेथे नको होती तेथे बसवली गेल्यामुळे, एकटी सुटून दिसणारी अक्षरे नेमकी हीच आहेत. फरश्या योग्य क्रमाने लावल्या तर ‘लुमेना’ हा शब्दच उरत नाही. तो ‘फिलुमेना’ या नावाचा उत्तरार्ध ठरतो. म्हणजे राजकन्येचे जन्मनाव हे फरश्यांच्या उलटापालटीतून निर्माण झालेले आहे. तिसऱ्या शतकातील आईबापांना आपल्या मुलीच्या कबरीवर पुढे फरश्या चुकणार आहेत हे माहीत असणे शक्य नव्हते. ही कथा १८०२ मध्ये सापडलेल्या चुकीच्या क्रमातील फरश्यांवर रचलेले भाष्य आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढावा लागतो. कथन करणाऱ्या भगिनीने जाणूनबुजून रचना केली असे मात्र मानण्याचे कारण नाही. फरश्यांवरील अक्षरे व चिन्हे त्या काळी भक्तांच्या परिचयाची झाली होती, आणि चिंतनात मग्न असलेल्या मनाला परिचित गोष्टीच दर्शनाच्या रूपाने दिसतात.

५. नावाची व्युत्पत्ती

‘प्रकाशाची कन्या’ हा अर्थ लॅटिन ‘फीलिया’ म्हणजे कन्या आणि ‘लूमेन’ म्हणजे प्रकाश या दोन शब्दांच्या जोडीतून काढलेला आहे. भाषाशास्त्राला तो मान्य होण्यासारखा नाही. ‘लूमेन’ या शब्दाचे षष्ठीचे रूप ‘लूमिनिस’ असे होते. ‘लुमेना’ हे त्याचे कोणतेही रूप नव्हे. ‘फीलिया’चा ‘फि’ एवढाच अंश ठेवून समास करण्याची रीतही लॅटिनमध्ये नाही. शिवाय ग्रीक राजाराणीने आपल्या मुलीसाठी लॅटिन शब्दांचा समास का करावा, याचेही उत्तर मिळत नाही. हा लोकव्युत्पत्तीचा, म्हणजे अपरिचित शब्दाला परिचित शब्दांच्या साच्यात बसवण्याचा, नमुना आहे.

खरे पाहता हे नाव ग्रीक असून त्याचा उलगडा अगदी सरळ आहे. ‘फिलेओ’ म्हणजे प्रेम करणे या ग्रीक धातूचे कर्मणी वर्तमानकालवाचक धातुसाधित स्त्रीलिंगी रूप ‘फिलूमेने’ असे होते. त्याचा अर्थ ‘जिच्यावर प्रेम केले जाते ती’, म्हणजे ‘प्रिया’. यातील ‘-मेने’ हा प्रत्यय आणि संस्कृतातील ‘-मान’ हा प्रत्यय मूळचे एकच आहेत. मराठीत रुळलेल्या ‘विद्यमान’, ‘वर्तमान’, ‘यजमान’ या शब्दांत तो आजही आहे. ग्रीक नाव लॅटिन लिपीत लिहिताना ‘फिलुमेना’ झाले, आणि ‘ओ’कारयुक्त ‘फिलोमेना’ हे रूप नंतर रूढ झाले.

हे नाव प्राचीन काळी अपूर्वही नव्हते. दुसऱ्या शतकात अपेल्लेस या पाखंडी मानल्या गेलेल्या उपदेशकाच्या सहवासातील फिलुमेने नावाच्या एका भविष्यवादिनीचा उल्लेख तेर्तुल्लियनने केला आहे. रोममध्ये ग्रीक नावे धारण करणाऱ्या माणसांची संख्या मोठी होती. त्यांत गुलाम, मुक्त झालेले गुलाम आणि त्यांची संतती यांचा भरणा असे. कबरीवरील ग्रीक नावावरून ग्रीस देश, आणि ग्रीस देशावरून राजकुल, अशी अनुमानाची साखळी धरण्यास भाषेचा कोणताही आधार नाही. ‘प्रिया’ हे नाव एखाद्या कारागिराच्या घरातील मुलीचेही असू शकत होते.

६. कबर कोणाची?

फरश्यांचा क्रम चुकला कसा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी गंभीरपणे चर्चिला गेला. अक्षरे फरश्या बसवल्यानंतर रंगवली असती तर क्रम चुकणे शक्यच नव्हते. तेव्हा ती आधी रंगवलेली होती एवढे निश्चित. येथून दोन मार्ग फुटतात. एक तर बसवणाऱ्याने घाईने अथवा निरक्षरतेमुळे चूक केली. नाही तर फरश्या दुसऱ्याच कबरीच्या असून येथे त्यांचा पुन्हा वापर केला गेला.

पुरातत्त्वज्ञ ओराझियो मारुक्की (१८५२–१९३१) यांनी दुसरा पक्ष स्वीकारला. सन १९०४ मध्ये त्यांनी मांडलेले मत असे : लेखाचा थाट प्राचीन असून तो छळाच्या अखेरच्या काळाच्या पुष्कळ आधीचा आहे. चौथ्या शतकात, धर्माला शांतता लाभल्यानंतर, दफनभूमीत काम करणाऱ्या खोदकऱ्यांनी जुन्या कबरींच्या फरश्या नव्या कबरींसाठी वापरल्या. आणि जुना लेख नव्या मृताचा नव्हे हे कळावे म्हणून त्या मुद्दाम उलटसुलट लावल्या. हे मत मान्य केले तर ‘फिलुमेना’ ही एक व्यक्ती आणि कप्प्यात सापडलेली मुलगी ही तिच्यानंतर पुष्कळ काळाने होऊन गेलेली दुसरीच व्यक्ती ठरते. आणि ती मुलगी शांततेच्या काळात वारली असेल तर तिच्या हौतात्म्याचा प्रश्नच निकालात निघतो.

जेझुइट पंडित जुझेप्पे बोनावेनिया यांनी सन १९०६ मध्ये याचा विरोध केला व लेख आणि अस्थी एकाच व्यक्तीच्या आहेत असे प्रतिपादिले. वाद येथेच थांबला नाही. मुन्यानोस अस्थी आल्याला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, सन २००५ मध्ये, फ्लॉरेन्स येथील ओपिफीच्यो या जीर्णोद्धार-संस्थेने केलेल्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. फरश्यांवर एकाच प्रकारच्या चुन्याचे अवशेष आढळतात, असे त्यांत नमूद होते. फरश्या एका कबरीवरून काढून दुसऱ्या कबरीवर लावल्या असत्या तर दोन प्रकारचा चुना मिळण्याची अपेक्षा करता येते. त्यामुळे मारुक्कींच्या मताविरुद्ध हा पुरावा म्हणून पुढे करण्यात आला.

या पुराव्याचे मोल नीट जोखले पाहिजे. तो ग्राह्य धरला तर फरश्या या एकाच कबरीसाठी वापरल्या गेल्या, म्हणून मुलीचे नाव फिलुमेना होते, एवढे सिद्ध होईल. लेखाचे वाचन आणि अस्थींची ओळख हे पहिले दोन प्रश्न त्याने सुटतील. परंतु हौतात्म्याचा पुरावा खजुरीच्या फांदीवर आणि कुपीवर अवलंबून आहे, आणि चुन्याच्या पृथक्करणाने त्या दोन खुणांना नवे बळ येत नाही. जीवनकथेचा प्रश्न तर त्याहूनही दूर आहे. कारण ‘लुमेना’ हे जन्मनाव फरश्यांच्या चुकीच्या क्रमातून आले आहे ही गोष्ट मारुक्की बरोबर असोत वा बोनावेनिया, दोन्ही पक्षी तशीच राहते.

७. काही समांतर उदाहरणे

लेखातील एका शब्दातून संत निर्माण होण्याचे हे एकमेव उदाहरण नव्हे. स्पेनमध्ये ‘संत व्हियार’ याच्या उपासनेसाठी पोप आठवे अर्बन यांच्याकडे विनंती करण्यात आली तेव्हा आधार म्हणून दाखवलेला दगड प्रत्यक्षात मार्गांच्या एका रोमन अधिकाऱ्याचा लेख निघाला, असे माबियोंच्या हवाल्याने सांगतात : ‘प्राएफेक्तुस व्हियारुम’, म्हणजे ‘मार्गाधिकारी’, या शब्दांतील मधलीच अक्षरे तेवढी शिल्लक राहिली होती. इंग्लंडमधील संत आल्बन याने ज्या धर्मगुरूला आश्रय दिला त्याला जुन्या ग्रंथांत नाव नाही. बाराव्या शतकात मॉन्मथच्या जेफ्रीने त्याला ‘अम्फिबालुस’ म्हटले. या लॅटिन शब्दाचा अर्थ केवळ ‘झगा’ असा आहे. पुढे ११७८ मध्ये रेडबर्न येथे या अम्फिबालुसच्या अस्थीही ‘सापडल्या’. कोलोन येथे ११०६ मध्ये तटबंदीच्या कामात एक जुनी दफनभूमी उघडी पडली, तेव्हा तेथील अस्थी संत उर्सुला आणि तिच्या अकरा हजार सख्यांच्या ठरवण्यात आल्या. ‘अकरा रक्तसाक्षी कुमारी’ अशा अर्थाच्या संक्षेपातील ‘एम’ हे अक्षर ‘हजार’ म्हणून वाचले गेले असावे, असा तर्क काही विद्वानांनी केला आहे.

बेल्जियममधील जेझुइट विद्वान इप्पोलीत दलए (१८५९–१९४१) यांनी सन १९०५ च्या आपल्या ग्रंथात संतकथांच्या उत्पत्तीची शास्त्रीय चिकित्सा केली, आणि लेखांच्या चुकीच्या वाचनातून कथा कशा उगवतात हे तेथे दाखवले. ही चिकित्सा धर्मसंस्थेच्या आतूनच झाली, हे विसरता कामा नये. माबियों, द बक, मारुक्की, दलए हे सर्व श्रद्धावंत कॅथॉलिक होते. लेखनातील एका अक्षराचा अर्थाशी आणि जीवनमरणाशी संबंध कसा जोडला जातो हे महाराष्ट्रातील वाचकांस ‘ध’चा ‘मा’ या आख्यायिकेमुळे सुपरिचित आहेच.

तरी या उदाहरणांत आणि फिलोमेनेच्या उदाहरणात एक फरक आहे. व्हियार ही व्यक्तीच नव्हती आणि अम्फिबालुस हे नाव नव्हते. फिलुमेना हे मात्र खरे नाव होते, ‘शांती असो’ असे तिला कोणीतरी खरोखरच म्हटले होते, आणि कप्प्यातील अस्थी एका खऱ्या मुलीच्या होत्या.

८. उपसंहार

दिनांक १४ फेब्रुवारी १९६१ रोजी रोमच्या विधिविषयक परिषदेने स्थानिक दिनदर्शिकांसंबंधी जो आदेश काढला त्यात, संत फिलोमेनेचा ११ ऑगस्टचा सण सर्व दिनदर्शिकांतून वगळण्यात यावा, असे सांगितले होते. रोमन रक्तसाक्षी-सूचीत तिचे नाव त्यापूर्वीही कधी नव्हते. हा आदेश सार्वजनिक विधींपुरता होता. व्यक्तिगत भक्तीला त्याने मनाई केली नाही, आणि मुन्यानोचे मंदिर यात्रेकरूंचे स्थान म्हणून टिकून राहिले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे नाव चालत आले होते त्यांना या आदेशाने धक्का बसला असल्यास ते स्वाभाविक होते. आर्सच्या धर्मगुरूंची श्रद्धा खोटी होती काय, असाही प्रश्न त्या वेळी विचारला गेला. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे उत्तर देता येत नाही. श्रद्धेचे फळ आणि कथेचे प्रामाण्य हे दोन निराळे विषय आहेत आणि त्यांतील दुसराच त्याच्या कक्षेत येतो.

त्या कक्षेत राहून वरील विवेचनाचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे मांडता येतो. फरश्यांवरील लेखाचे वाचन निर्विवाद आहे. लेखातील नाव ग्रीक असून त्याचा अर्थ ‘प्रिया’ असा आहे. ते नाव कप्प्यातील मुलीचेच होते की नाही, हा प्रश्न मारुक्की यांच्यापासून आजतागायत वादाचा आहे. तिचे हौतात्म्य ज्या खुणांवरून ठरवले गेले त्या खुणा ग्राह्य नाहीत. आणि तिचे म्हणून सांगितले जाणारे चरित्र फरश्यांच्या बिघडलेल्या क्रमातून, चिन्हांच्या शब्दशः वाचनातून व अस्थींच्या प्रवासाच्या तारखेतून घडलेले आहे.

एवढे वजा केल्यावर जे उरते ते अल्प असले तरी पक्के आहे. आद्य ख्रिस्ती काळात रोममध्ये फिलुमेना नावाची एक व्यक्ती वारली, आणि तिच्या माणसांनी कप्पा बंद करण्यापूर्वी मातीच्या फरश्यांवर तांबड्या रंगाने तिचा निरोप लिहिला. याच फरश्यांमागे केव्हातरी एका लहान मुलीला ठेवले गेले. ती फिलुमेना असेल तर तो निरोप तिचाच आहे. ती नसेल तर दुसरीसाठी लिहिलेले नाव तिच्या अस्थींना मिळाले, आणि तिचे स्वतःचे नाव मात्र कोठेही लिहिलेले सापडत नाही.